गरम झाल्यावर ऑइलचा दिवा लुकलुकतो: जुन्या इंजिनाचं प्रेशर नेमकं जातं कुठे?

थंड इंजिन सुरू केलं की दिवा लगेच विझतो. अर्धा-पाऊण तास गाडी चालवून कुठे थांबलात, इंजिन स्लोवर आलं, की लाल दिवा हळूच लुकलुकायला लागतो. जरा रेस दिली की विझतो, पाय काढला की परत हजर. ऑइल बदललं की तीन-चार आठवडे शांतता आणि मग पुन्हा तेच.

माझ्या जुन्या कार्बोरेटरवाल्या चार सिलेंडर पेट्रोल गाडीने दीड वर्ष मला असं झुलवलं. प्रेशर स्विच दोनदा बदलला, ऑइल पंप नवा टाकला, घट्ट ऑइल भरून पाहिलं. दर वेळी वाटायचं, चला, सुटलो. दोष शेवटी सापडला तो ऑइलच्या यंत्रणेत नव्हताच. ती गोष्ट पुढे सांगतो, कारण ती ज्या क्रमाने कळली तो क्रमच चुकीचा होता आणि बहुतेक जण त्याच क्रमाने जातात.

पण आधी एक गोष्ट. हे सगळं गरम इंजिन स्लोवर असताना लुकलुकणाऱ्या दिव्याबद्दल आहे. चालत्या गाडीत, रेसवर असताना दिवा लागून राहिला किंवा काटा एकदम शून्यावर आला, तर गाडी कडेला घेऊन इंजिन तिथेच बंद करायचं. ‘एवढं घरापर्यंत जाऊ’ हा विचार फार महाग पडतो. क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) आणि तो ज्यांत फिरतो ती बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा पापुद्रा असतो, तो गेला की धातूवर धातू घासतो आणि बेअरिंगचा मऊ थर खरवडून जायला मिनिटही लागत नाही. डिपस्टिकवर ऑइल असेल आणि तरी प्रेशर नसेल, तर गाडी टो करूनच न्यायची.

प्रेशर पंप बनवत नाही

हे डोक्यात बसेपर्यंत मी पंपाच्या मागे लागलो होतो. पंप फक्त ऑइल ढकलतो. दर फेऱ्याला ठरावीक माप. ते ऑइल पुढे अरुंद फटींतून जायला अडतं, आणि त्या अडण्याला आपण प्रेशर म्हणतो. पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की पाण्याचा जोर वाढतो, अंगठा सैल केला की जोर जातो. इंजिनात हा अंगठा म्हणजे मेन बेअरिंग (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणारी), बिग एंड (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाची) आणि कॅमची (वाल्व उघडणाऱ्या दांड्याची) बेअरिंग.

फटीचा हिशेब मात्र सरळ नाही. ५० मि.मी. व्यासाच्या जर्नलला (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) साधारण ०.०५ मि.मी. फट असते. ती झिजून ०.१० झाली तर गळती दुप्पट होत नाही, जवळपास आठपट होते, कारण फटीतून वाहणारं ऑइल फटीच्या जाडीच्या घनाप्रमाणे वाढतं. झीज डोळ्यांना नगण्य दिसते आणि प्रेशर मात्र निम्म्याहून खाली येतं, ते यामुळे.

याच्या जोडीला ऑइलचा पातळपणा. १०० अंश सेल्सिअसला एसएई ३० ऑइलची घनता नव्हे, चिकटपणा, ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक असतो आणि एसएई ५० चा १६.३ ते २१.९. (घनता आणि चिकटपणा यांची गल्लत इतकी सर्रास होते की मुद्दाम तसं लिहिलं.) तेच ऑइल ४० अंशांना कैक पटींनी घट्ट असतं. म्हणून झिजलेलं इंजिनसुद्धा थंड असताना छाती फुगवून ५०-६० पीएसआय (प्रेशरचं एकक) दाखवतं. थंड इंजिनाच्या आकड्यावरून ‘प्रेशर मस्त आहे’ असं कोणी म्हणालं तर मान डोलवायची आणि पुढे जायचं.

आधी मोजा

डॅशबोर्डवरचा दिवा हा मापक नव्हे. बहुतेक गाड्यांत त्याचा स्विच ३ ते ७ पीएसआयच्या दरम्यान, म्हणजे ०.२ ते ०.५ बारला उघडझाप करतो. दिवा विझलेला आहे याचा अर्थ एवढाच की प्रेशर स्विचच्या त्या आकड्याच्या वर कुठेतरी आहे. आठही असेल, चाळीसही असेल.

स्विचची वायर काढून इग्निशन चालू करा. दिवा विझायला हवा. वायर काढूनही तो पेटलेलाच राहिला, तर वायर कुठेतरी सोलून बॉडीला लागते आहे आणि इंजिनाचा काही दोष नाही. विझला तर वायर ठीक, पण स्विच आणि प्रेशर दोन्ही अजून संशयितच. काट्याचा गेज असेल आणि त्याच्याबरोबर पेट्रोलचा व तापमानाचा काटाही वरखाली होत असेल, तर तिन्हींना मिळून एकच व्होल्टेज देणारा स्टॅबिलायझर तपासा.

मग स्विच काढून त्या जागी यांत्रिक गेज लावायचा. साधा, नळीवाला, १०० पीएसआयपर्यंतचा. इथे एक काळजी. पाव इंचाच्या निम्म्या मापाचे, म्हणजे अष्टमांश इंची आटे दोन जातींचे असतात, बीएसपी आणि एनपीटी. दिसायला अगदी जुळे. इंचाला एकाचे २८ आटे, दुसऱ्याचे २७, आणि आट्यांचा कोनही वेगळा. चुकीचा ॲडॉप्टर दोन फेरे गोड बसतो, तिसऱ्याला अडतो, आणि पाना जोरात फिरवला की ब्लॉकमधले आटे जातात. हाताने किमान तीन-चार फेरे जायला हवेत. नाही गेले तर थांबा. गेजची नळी सायलेन्सरच्या गरम पाइपापासून लांब ठेवा, फुटली तर आग लागू शकते.

चार आकडे लिहून काढा: थंड स्लो, गरम स्लो, गरम २००० आणि गरम ३००० आरपीएम. गरम म्हणजे खरंच गरम. पाण्याचा काटा दहा मिनिटांत जागेवर येतो, पण ऑइल त्याच्या बरंच मागे असतं. अर्धा तास रस्त्यावर चालवून आणा, जागेवर उभी ठेवून तापवू नका. दर हजार आरपीएमला १० पीएसआय हा जुना अंदाज अजून चालतो, पण तुमच्या इंजिनाची पुस्तिका हाताशी असेल तर शब्द तिचाच अंतिम. काही जुनी इंजिनं गरम स्लोवर १० ते १५ वर वर्षानुवर्षं सुखाने चालतात.

माझे आकडे होते ५५, ५, २०, २८.

आकड्यांची चाल

आकडा किती यापेक्षा तो कधी पडतो हे जास्त बोलकं असतं. थंड असताना चांगला, गरम स्लोवर पडलेला, रेसवर वाढतो पण पूर्ण उंचीला पोचत नाही: ही फटी मोठ्या झाल्याची किंवा ऑइल पातळ झाल्याची चाल आहे. माझी हीच होती. थंड असतानाही कमी, सगळ्या वेगांना कमी: तर रिलीफ वाल्व (जास्तीचं प्रेशर सोडून देणारा) उघडा अडकलेला, पंप झिजलेला किंवा पंपाकडे ऑइल ओढणाऱ्या पिकअप पाइपात हवा.

स्लोवर छान आणि ३००० च्या वर गेलं की काटा घसरतो, जरा थांबलं की परत येतो, तेव्हा जवळजवळ खात्रीने चेंबरमधली (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यातली) जाळी गाळाने भरलेली असते. पंपाला मागणीइतकं ऑइल मिळत नाही. काटा थरथरत असेल तर हवा शिरते आहे: पिकअप पाइपाचं ओ-रिंग कडक झालेलं, पाइपाला तडा, किंवा ऑइल फेसाळलेलं. वळणावर किंवा ब्रेक मारल्यावरच दिवा चमकतो? ऑइल कमी आहे. हसू नका, मोठमोठी बिलं या एका कारणाने फाटलेली आहेत.

रात्रभर उभ्या गाडीत सकाळी दिवा विझायला चार-पाच सेकंद लागत असतील आणि नंतर सगळं ठीक असेल, तर फिल्टरमधला परतीचा वाल्व ऑइल अडवून धरत नाही. फिल्टर बदला, विषय संपला.

डिपस्टिक हुंगा

इथे मी चुकलो. माझी गाडी ऑइल खात नव्हती. जुनी गाडी, दोन हजार किलोमीटर झाले तरी डिपस्टिकवर पातळी जिथली तिथे. उलट एकदा वरच्या खुणेच्या किंचित वर दिसली आणि मी मनात म्हटलं, मागच्या वेळी जास्त भरलं असेल. जुन्या इंजिनाची पातळी कमी होत नाही याचा मला अभिमान वाटत होता!

जुनं इंजिन थोडं ऑइल जाळतंच. पातळी हलत नसेल तर जितकं जळतं तितकं दुसरं काहीतरी आत येतं आहे. माझ्याकडे येत होतं पेट्रोल. इंजिनाच्या अंगावर बसवलेला, कॅमवर चालणारा यांत्रिक पेट्रोल पंप, त्याच्या पडद्याला केसासारखी चीर. गळतं पेट्रोल बाहेर पडावं म्हणून अशा बऱ्याच पंपांना खाली एक बारीक भोक असतं, ते माझ्याकडे मातीने बुजलेलं. मग पेट्रोल सरळ चेंबरमध्ये. ताजं ऑइल भरलं की प्रेशर परत यायचं, कारण ऑइलबरोबर पेट्रोलही निघून जायचं. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा पातळ. ‘ऑइल बदललं की बरं होतं’ हीच सगळ्यात मोठी खूण होती आणि मी तिला इलाज समजत होतो. नवा ऑइल पंप टाकला तेव्हाही सोबत ताजं ऑइल पडलं होतं. श्रेय पंपाने घेतलं.

तपासायला काही लागत नाही. डिपस्टिक काढून नाकाशी धरा. शंका असेल तर एक थेंब टिपकागदावर टाका आणि शेजारी त्याच जातीच्या ताज्या ऑइलचा एक. पेट्रोल मिसळलेला थेंब लवकर आणि लांबवर पसरतो, कडेला फिकट कडं सोडतो. पेट्रोल पंपाखेरीज कार्बोरेटरची सुई नीट न बसणं, चोक अडकलेला राहणं, एखादा प्लग न पेटणं, ही पण पेट्रोल खाली उतरण्याची कारणं. असं ऑइल सापडलं तर त्यावर आणखी गाडी फिरवू नका, आधी कारण दुरुस्त करा आणि मग ऑइल बदला. उलट क्रमाने केलंत तर नवं ऑइल वाया.

ऑइल दुधाळ, कॉफीच्या रंगाचं दिसलं तर पाणी शिरलं आहे, बहुधा हेड गॅस्केटमधून. झाकणाच्या आतल्या बाजूला थोडी पांढरी साय मात्र थंडीत, छोट्या फेऱ्यांनीही येते. डिपस्टिकवर तसंच दिसलं तर काळजी करा. आणि वरच्या खुणेच्या बरंच वर ऑइल असेल तर क्रँक त्यात घुसळतो, फेस होतो आणि फेस पंपातून ढकलला जात नाही.

ग्रेडही बघा. त्यातला दुसरा आकडा गरम ऑइलच्या चिकटपणाचा. २०डब्ल्यू-५० साठी बनलेल्या इंजिनात आजचं ५डब्ल्यू-३० भरलं तर गरम स्लोवर दिवा लुकलुकणं हा ऑइलचा गुन्हा नाही.

बाहेरून पोचता येतं ते आधी

ऑइल निर्दोष निघालं तर पुढचा नंबर रिलीफ वाल्वचा, कारण बऱ्याच इंजिनांत तो ब्लॉकच्या बाहेरून एक मोठा नट काढला की हातात येतो. नटामागे स्प्रिंग, स्प्रिंगमागे प्लंजर किंवा गोळी. प्लंजर बोटाने ढकलल्यावर आपल्या वजनाने सरकायला हवा. एखादा कचऱ्याचा कण त्याला उघडा धरून बसला तर सगळं ऑइल परत चेंबरमध्ये. प्रेशर एका दिवसात, काही कारण नसताना पडलं असेल तर हा पहिला संशयित. स्प्रिंगची मोकळी लांबी पुस्तिकेशी ताडून बघा.

आता एक जुना सल्ला निकालात काढू. ‘स्प्रिंगखाली एक-दोन वायसर घाल, प्रेशर वाढेल.’ मीही घातले होते. रिलीफ वाल्व जास्तीचं प्रेशर सोडायला असतो, इंजिनानुसार ४० ते ७० पीएसआयच्या आसपास उघडतो. गरम स्लोवर तुमच्याकडे ५ पीएसआय आहे तेव्हा तो बंदच असतो. बंद दाराला आणखी एक कडी घालून काय मिळणार? वाढेल ते थंड इंजिनाचं, रेसवरचं प्रेशर, ज्याची गरज नव्हती. त्याने फिल्टरचं सील फुटू शकतं.

त्यानंतर चेंबर उतरवा. तळाशी गाळ किती, जाळी मोकळी आहे का, जुन्या गॅस्केटचे किंवा सिलिकॉनचे तुकडे तिच्यात अडकलेत का. कोणीतरी चेंबर बसवताना सिलिकॉन सढळ हाताने लावलं की आतल्या बाजूला निघालेल्या शेवया पुढेमागे जाळीपाशी पोचतात. चेंबरला खालून मार लागून पोचा पडला असेल तर तोही बघा, तळ जाळीला टेकला की ओढणी बंद. वर्षानुवर्षांचा गाळ असलेल्या इंजिनात फ्लशिंग ऑइल घालायला मी तयार होत नाही. गाळ सुटतो खरा, पण सुटून जातो कुठे? जाळीवर. चेंबर काढून हाताने साफ करणं कटकटीचं, पण त्यात जुगार नाही.

पंप हातात आलाच तर झाकण उघडून गिअर किंवा रोटरवर सरळ पट्टी ठेवा आणि फीलर गेज घाला. मर्यादा पुस्तिकेत असते, मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आगेमागे. झाकणाच्या आतल्या बाजूला गिअरने कोरलेली वर्तुळं नखाला लागत असतील तर ऑइल तिथून मागे फिरतं. सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून झाकण घासून सपाट करता येतं. पंप परत बसवताना आत पेट्रोलियम जेली भरा. कोरडा पंप ऑइल ओढत नाही, आणि ग्रीस वापरलं तर ते सहज विरघळत नाही. मग सगळे प्लग काढून, गेजचा काटा उठेपर्यंत नुसत्या स्टार्टरवर, मध्येमध्ये विसावा देत इंजिन फिरवा.

बेअरिंग

कान लावा. वरची हलकी टिकटिक टॅपेटची. बिग एंडचा ठोका खोल आणि भरीव, साधारण २००० च्या वर रेस देऊन पाय सोडताना स्पष्ट. एकेका प्लगचं प्रज्वलन बंद करून बघा, ज्याने ठोका मंदावतो त्या सिलेंडरचा कनेक्टिंग रॉड. पण ठोका नाही म्हणजे बेअरिंग चांगली असं नव्हे. माझ्या इंजिनात आवाज अजिबात नव्हता.

जुना फिल्टर कापून आतला कागद पसरा आणि उन्हात धरा. चमचमणारी भुकटी दिसली तर लोहचुंबक फिरवा. चिकटते ती लोखंडी, कॅम-टॅपेटची. न चिकटणारी, तांबूस किंवा राखाडी, ती बेअरिंगची.

पुष्कळ इंजिनांत चेंबर काढल्यावर बेअरिंगच्या कॅप खालूनच सोडता येतात, इंजिन उतरवायची गरज नसते. एका वेळी एकच कॅप काढा आणि तिची दिशा व क्रमांक खूण करून ठेवा. शेल (बेअरिंगची अर्धगोल पत्र्याची वाटी) करड्या रंगाचं, एकसारखं मळकं असेल तर चांगलं. मध्ये तांबं दिसायला लागलं तर वरचा थर संपला. प्लॅस्टिगेजची (फट मोजायची मऊ प्लास्टिकची) तार ठेवून कॅप पुस्तिकेतल्या टॉर्कने आवळा, पुन्हा सोडा, चपटी झालेली रुंदी मोजा: फट कळते. मात्र मोजताना क्रँक फिरवायचा नाही. जर्नल मायक्रोमीटरने दोन काटकोनी दिशांत मोजा. लंबगोल झाला असेल तर नुसती नवी शेल घालणं म्हणजे पैसे आणि रविवार दोन्ही पाण्यात. क्रँक ग्राइंड करून ०.२५ किंवा ०.५० मि.मी. अंडरसाइझ शेल घ्यावी लागतात. जुनी शेल काढल्यावर पाठीवरचा शिक्का वाचा, आधी कोणी ग्राइंडिंग करून गेलं आहे का ते तिथे लिहिलेलं असतं.

मेन बेअरिंगचं भोक असलेलं शेल ब्लॉकच्या बाजूला, ऑइलच्या भोकावर यायला हवं. वरचं-खालचं अदलाबदल झालं तर त्या बेअरिंगला ऑइलच जात नाही. हे वाचायला बाळबोध वाटतं, पण गाडीखाली आडवं पडून, चेहऱ्यावर ऑइल गळत असताना असं होतं.

इंजिनाचं काम नुकतंच झालं आहे आणि तरी प्रेशर कमी आहे, तर गॅलरीचा (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटेचा) एखादा प्लग बसवायचा राहिला का ते आधी विचारा. कॅमची बेअरिंग आणि रॉकर शाफ्ट यांकडे सगळ्यात शेवटी लक्ष जातं. तळ नवा करकरीत आणि वर रॉकरवर ऑइलचा पूर, असं मी एका ओळखीच्या गाडीत पाहिलं आहे.

प्रेशर वाढवणाऱ्या बाटल्यांबद्दल एवढंच: त्या ऑइल घट्ट करतात. फट तेवढीच राहते, आणि तुमच्या हातातला आकडा खोटा होतो.

माझ्या गाडीत पेट्रोल पंप बदलल्यावर, ताज्या ऑइलवर, गरम स्लोचं प्रेशर ५ वरून १३ झालं आणि तीन महिने तिथेच थांबलं. दिवा गेला. पण ३००० ला ३८ च्या वर जाईना, म्हणून चेंबर काढलं. दीड वर्ष पेट्रोल मिसळलेल्या ऑइलवर चाललेल्या बिग एंड शेलपैकी दोनांत तांबं दिसत होतं, जर्नल मात्र सुदैवाने मापात होते. स्टँडर्ड शेल घातली. आता गरम स्लो १९, ३००० ला ४६. हे आकडे तारखेसह बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलेले आहेत, आणि डिपस्टिकवरची पातळी आता महिन्याला थोडी थोडी कमी होते.